भिंतीतला अडकित्ता

गेल्या डिसेंबरात आई साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडात रेडिंगला आली आणि दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "अगं, पहाटे कोण सुपारी कातरत बसतं?" सुपारी कोणी कातरत नव्हतं. साडेपाचला हीटिंग सुरू झालं, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरू लागलं, की पाचेक मिनिटांत तिच्या खोलीत कट्, कट् सुरू व्हायचं. वीसेक मिनिटं चालायचं, मग शांत. रात्री साडेदहाला हीटिंग बंद झालं की पुन्हा तेच.

इंग्लंडातल्या जुन्या घरात राहत असाल तर आधी आवाज कधी येतो ते बघा, दुरुस्तीचं नंतर. तापताना आणि निवताना टकटक होत असेल तर तांब्याचा पाइप लांबतो-आखडतो आहे आणि कुठेतरी लाकडाला घासतो आहे. तांब्याचा पाच मीटर पाइप 50 अंशांनी तापला की सुमारे 4 मिलिमीटर लांबतो. जागा नसली तर अडकतो, ताण वाढला की झटक्यात सुटतो. तोच तो अडकित्ता. गुडगुड आवाज असेल तर रेडिएटरमध्ये हवा आहे. हीटिंग बंद करून, रेडिएटर गार झाल्यावर वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने किंचित सैल करा, पाणी येऊ लागलं की आवळा, मग बॉयलरचा दाब बघा. थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बार हवा. बॉयलरच किटलीसारखा घुमत असेल तर बहुधा आत क्षार साचलेत. ते काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाचं, आपण झाकण उघडायचं नाही.

आमचं टकटकच होतं. सगळ्यात स्वस्त उपाय आधी केला: रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान बॉयलरवर 75 वरून 60 केलं. पाइप कमी तापला की कमी लांबतो. आवाज निम्मा झाला, खोली ऊब धरायला थोडा जास्त वेळ घेऊ लागली एवढंच. आमचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे नळाचं पाणी टाकीत न साठवता लागेल तेव्हाच तापवणारा. तुमच्याकडे गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर हे विचारून करा. टाकीतलं पाणी 60 अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर न्यूमोनिया करणारे लिजिओनेलाचे जंतू वाढतात.

उरलेल्या आवाजाची जागा लाटण्याने सापडली. पहाटे कार्पेट गुंडाळून जमिनीवर बसले, लाटण्याचं एक टोक फळीवर, दुसरं कानाला. इंचाइंचाने सरकत गेले. आई दारात उभी राहून हसत होती. खिडकीपासून तिसऱ्या फळीखाली आवाज अगदी कानात वाजला.

फळी उचलण्याआधी खाली वायर किंवा गॅसचा पाइप आहे का, ते डिटेक्टरने तपासा आणि पाइपच्या रेषेत खिळा कधीच ठोकू नका. फळीखाली दिसलं ते असं: तुळईत पाइपसाठी कापलेली खाच पाइपएवढीच, वर फळी त्याच्यावर दाबून बसलेली. खाच कानशीने बाजूंनी थोडी रुंद केली. खोल करायची नाही, तुळई कमजोर होते. मग दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनमधून पट्ट्या कापल्या आणि पाइप व लाकडाच्या मध्ये सरकवल्या. फेल्टही चालतं, पण दुधाचा कॅन फुकट आणि गुळगुळीत. पाइप त्यावरून सहज सरकतो.

इथे माझी चूक सांगते. आधीच्या हिवाळ्यात मी पाइपभोवतीच्या फटीत अंदाजानेच फोम फवारला होता, आवाज दाबला जाईल म्हणून. पाइप उलट जास्तच आवळला गेला, आणि तो फोम खरवडून काढण्यात एक अख्खा रविवार गेला.

रेडिएटरपाशी पाइप जिथे फळीतून वर येतो ते भोकही बघा. आमचं एका बाजूने घासत होतं, तेही कानशीने मोठं केलं. फळी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवली, पुन्हा उघडायची वेळ आली तर बरं.

आई अजूनही साडेपाचला उठते, सवयीने. हीटिंग सुरू झालं की नाही हे आता कानाला कळत नाही, म्हणून ती रेडिएटरला हात लावून बघते.