मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन: घरून निघण्याआधी

अपॉइंटमेंट घेण्याआधी चिठ्ठी नीट वाचा. नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ असेल, तर त्यात अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र, आपोआप येत नाही. सीटी अँजिओ की एमआर अँजिओ, आणि कशासाठी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुग्यात (अन्युरिझम) आधी कॉइल, म्हणजे धातूची बारीक तार, भरलेली असेल तर सीटीत धातूच्या रेघा चित्र खातात, तिथे बहुधा एमआर बरा. फुग्याच्या तोंडाशी टायटॅनियमची क्लिप (चिमटा) लावलेली असेल तर उलट, सीटी.

सीटीला क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट लागतो. तो आदल्या दिवशीच करून घ्या. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून वाशी गाठल्यावर रक्त द्यायला बसलात की नंबर गेलाच. आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, साधारण 50 ते 100 मिली, तेही सेकंदाला 4-5 मिली वेगाने जातं. म्हणून सुई कोपराच्या खोबणीत, 18 किंवा 20 नंबरची. मनगटाच्या बारीक शिरेत हा वेग झेपत नाही, औषध बाहेर झिरपून हात सुजतो. अंगभर गरम वाटेल, लघवी झाल्याचा भास होईल; घाबरू नका. पूर्वी कॉन्ट्रास्टने पुरळ किंवा दम लागला असेल तर आधीच सांगा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर विचारा: ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) 30 च्या खाली असल्यास ती 48 तास थांबवतात. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

एमआर अँजिओच्या टीओएफ पद्धतीत वाहत्या रक्ताच्याच सिग्नलवरून चित्र काढतात; कॉन्ट्रास्ट नाही, किरणोत्सर्ग नाही. पण काही मिनिटं डोकं हलता कामा नये. आवंढा, खोकला, सगळं चित्रात उतरतं. मोठ्या फुग्यात रक्त घुटमळतं म्हणून सिग्नल कमी येतो, आणि अरुंद भाग आहे त्याहून जास्त अरुंद दिसतो. 3 मिमीपेक्षा लहान फुगा सीटी आणि एमआर दोन्हींत निसटू शकतो.

धातू घरीच काढा. मंगळसूत्र, नथ, पैंजण आठवतात; विसरते ती पदराखाली खांद्याला टोचलेली सेफ्टी पिन आणि अंबाड्यातल्या यू पिना. पेसमेकर किंवा जुनी क्लिप असल्यास कार्डावरची अथवा डिस्चार्ज पेपरवरची माहिती फोन करून आधीच कळवा. लोहचुंबकीय क्लिप चुंबकात सरकू शकते, आणि कागद नसेल तर सेंटर नकार देतं. तो नकार बरोबरच आहे.

तुलनेसाठी जुन्या स्कॅनची फिल्म नको, सीडी न्या. फुग्याची 1 मिमी वाढ फिल्मवर कळत नाही.

आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तर फुगा फुटलेला असू शकतो; यातलं काहीच करत बसू नका. 108 लावा, आधी साधा (कॉन्ट्रास्टशिवाय) सीटी होतो, आणि त्याला दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत पोचणं महत्त्वाचं.