चेहरा दिसला, तरी नावात सांगू नका

पोपडे उडालेल्या भिंतीत किंवा गंजक्या पत्र्यात चेहरा दिसला, की फोटोला ‘भिंतीतला म्हातारा’ असं नाव द्यायचा मोह होतो. आवरा. एकदा म्हातारा म्हटलं, की बघणाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही. अमेरिकन छायाचित्रकार ॲरन सिस्किंड सोललेल्या रंगाच्या फोटोंना बहुधा गाव, क्रमांक नि साल एवढंच देत: ‘जेरोम, ॲरिझोना २१’, १९४९. इतकं कोरडं नको असेल तर वस्तूचं नाव घ्या. ‘बिजागरीजवळचा गंज’ चालेल. (‘शीर्षकहीन’ मला तरी आळशीपणा वाटतो.) आधी फोटो घरच्यांना काही न बोलता दाखवा. त्यांना घुबड दिसलं तर उत्तमच, तुमचा म्हातारा पोटातच ठेवा. कुणालाच काही दिसलं नाही, तरच एखादी खूण सोडा: ‘कुणीतरी जागं आहे’.