तुमच्या भागातल्या टॉवरचा इतिहास कसा शोधायचा

उपनगरातला उंच टॉवर, ज्याच्यावरून लोक पत्ता सांगतात, "टॉवर दिसला की डावीकडे वळ", त्याचा इतिहास बहुतेक वेळा कुणी लिहूनच ठेवलेला नसतो. जुन्या इमारतींवर पुस्तकं निघतात पण टॉवर म्हटलं की नुसतं लोखंड, त्यात काय लिहायचं. मला हे अजिबात पटत नाही, अख्ख्या भागाने रोज बघितलेली तीच तर एक गोष्ट असते.

तर आधी दुर्बीण घ्या आणि तो कशाचा आहे ते ओळखा. ढोलासारख्या गोल डिश दिसल्या तर मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर बिनतारी संदेश पाठवायची जोडणी, तिला समोरचा टॉवर सरळ दिसावा लागतो, म्हणून असे टॉवर उंच जागा बघून बांधलेले असतात. उभ्या लांबट पट्ट्या म्हणजे मोबाइल. तारांनी ताणून धरलेला बारीक मास्ट, म्हणजे उंच खांब, आणि बुडाशी इन्सुलेटर, म्हणजे वीज जमिनीत जाऊ न देणारा तुकडा असेल तर बहुतेक मीडियम वेव्ह रेडिओ, तिथे अख्खा मास्टच अँटेना असतो. हे कळलं की कुठल्या खात्याचे कागद शोधायचे ते कळतं.

मग तारखा, आणि इथेच सगळे घोळ घालतात कारण सेवा सुरू झाली ते वर्ष वेगळं आणि आज दिसतोय तो टॉवर उभा राहिला ते वर्ष वेगळं असू शकतं. दक्षिण लंडनमधलं क्रॉयडन घ्या, तिथून आयटीव्ही या ब्रिटनच्या खासगी टीव्ही वाहिनीचं प्रक्षेपण 22 सप्टेंबर 1955 ला सुरू झालं पण आत्ताचा टॉवर 1962 चा. त्यात जवळच क्रिस्टल पॅलेसचा 219 मीटरचा टॉवर, बीबीसीचा, 1956 पासून चालू, म्हणजे कुणी "आमच्या लहानपणीचा टॉवर" म्हणालं तर दोघांतला नेमका कुठला हे विचारून घ्यायचं, नाहीतर एकाची आठवण दुसऱ्याच्या नावावर जाते.

जागेवर आधी काय होतं हेही बघा, जुने नकाशे काढून. क्रिस्टल पॅलेसचा भव्य काचमहाल 30 नोव्हेंबर 1936 च्या आगीत गेला, टीव्हीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या बेअर्ड यांच्या टीव्ही कंपनीचे स्टुडिओ त्याच आवारात होते, आणि वीस वर्षांनी तिथल्या जुन्या मत्स्यालयाच्या जागी टीव्हीचाच टॉवर. 1990 च्या सुमाराला कॅनरी वॉर्फची इमारत उंच झाली तोवर लंडनमध्ये सगळ्यात उंच हाच होता. एवढं नुसतं जागेच्या मागे लागून सापडतं!

लोकांशी बोलताना "टॉवर कधी बांधला" असं विचारू नका, आठवत नाही म्हणतात. त्यापेक्षा घरी पहिला टीव्ही कधी आला, गच्चीवरचा अँटेना कुठल्या बाजूला तोंड करून होता, रात्रीचे लाल दिवे कुठल्या खिडकीतून दिसायचे असं विचारा, मग माणसं खुलतात आणि पोराच्या जन्मावरून, बदलीवरून वर्षही आपोआप निघतं.

घरातले जुने फोटो मागून घ्या, लग्नाचे, शाळेचे, मागे टॉवर असतोच. कुठल्या फोटोत किती डिश आहेत ते मोजून फोटो क्रमाने लावा, एका जरी फोटोचं साल पक्कं असलं तरी बाकीचे त्याच्या आगेमागे बसवता येतात. तुम्ही स्वतः काढाल ते फोटो कुंपणाबाहेरूनच काढा, आत शिरायचं नाही, आणि आजच काढा, कारण वापरात नसलेल्या डिश न सांगता उतरवतात.