चाळिशीनंतर पदवीशिवाय नव्या व्यवसायात कसे शिरावे

चाळिशी-पन्नाशीत काम बदलू पाहणाऱ्या माणसाला बहुधा एकच प्रश्न आधी सतावतो: त्या क्षेत्राची पदवी आपल्याकडे नाही, मग तिथे आपल्याला कोण विचारणार? त्याचे उत्तर शोधण्याआधी पदवी प्रत्यक्षात काय काम करते, हे सुटे करून पाहावे लागते. काही व्यवसायांत पदवी ही कायद्याची परवानगी असते. काही ठिकाणी ती अनोळखी माणसाबद्दलची हमी असते. आणि काही ठिकाणी तिच्यामागे त्या कामाला खरोखर लागणारे ज्ञान असते. परवानगीला सहसा पर्याय नसतो. ज्ञान मात्र इतर मार्गांनीही मिळवता येते, आणि हमी तर पदवीपेक्षा अधिक चांगल्या रीतीने देता येते. म्हणून या वयात पुन्हा वर्गात जाऊन बसण्याचा विचार करण्यापूर्वी आपल्याला हव्या असलेल्या कामात पदवी यांपैकी कोणत्या कारणासाठी मागितली जाते, ते शोधून काढणे ही पहिली पायरी आहे.

कायद्याची अट की केवळ प्रथा?

शस्त्रक्रिया करणे, प्रवासी विमान चालवणे किंवा रुग्णाला औषध लिहून देणे ही कामे परवान्याशिवाय करता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. अशा क्षेत्राची ओढ असेल, तर परवाना लागणाऱ्या कामाच्या शेजारची कामे पाहावीत. रुग्णालयाला डॉक्टर आणि परिचारिकांबरोबरच रुग्णांच्या नोंदी, विम्याचे दावे, साहित्याची खरेदी आणि कर्मचाऱ्यांचे वेळापत्रक सांभाळणारी माणसेही लागतात, आणि तिथे दुसऱ्या क्षेत्रात मुरलेल्या माणसाचा अनुभव कामी येतो.

कायद्याच्या अटीतही कधी कधी पर्यायी वाट ठेवलेली असते, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कायद्याच्या महाविद्यालयात न जाता, वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली चार वर्षे अभ्यास करून वकिलीच्या परीक्षेला बसता येते. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानुसार, कामाच्या अनुभवाचे मूल्यमापन करून घेऊन त्याच्या आधारावर संपूर्ण पदविका मिळवता येते. अशी सोय आपल्या देशात आणि आपल्या व्यवसायासाठी आहे की नाही, हे परवाना देणाऱ्या संस्थेच्या नियमावलीतच पाहावे. अभ्यासक्रम विकणाऱ्याला विचारले, तर उत्तर त्याच्या सोयीचेच मिळेल.

परवान्याचा प्रश्न नसेल, तर त्या कामाच्या पंधरा-वीस जाहिराती काळजीपूर्वक वाचाव्यात आणि कोणती अपेक्षा किती वेळा येते ते टिपून ठेवावे. प्रत्येक जाहिरातीत येणारी गोष्ट खरोखर आवश्यक असते, आणि एखाद-दुसऱ्याच जाहिरातीत येणारी गोष्ट बहुधा यादी भरण्यासाठी लिहिलेली असते. ‘पदवी किंवा समकक्ष अनुभव’ असे शब्द दिसले, तर अर्ज करायला हरकत नाही, असा त्यांचा सरळ अर्थ घ्यावा. मोठे नियोक्तेही ही अट सोडू लागले आहेत. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या सरकारने २०२२ मध्ये आपल्या हजारो पदांसाठी असलेली चार वर्षांच्या पदवीची अट काढून टाकली. अर्थात अट कागदावरून गेली म्हणजे निवड करणाऱ्याच्या मनातूनही लगेच जाते असे नाही, आणि म्हणूनच पुढची तयारी लागते.

अनुभवाची मांडणी

वीस वर्षे काम केलेल्या माणसाला आपल्याला काय येते हे सांगा म्हटले, की तो हुद्दे सांगतो. हुद्दा जुन्या क्षेत्राबाहेर फारसे काही सांगत नाही. त्याऐवजी एक वही घेऊन दहा-बारा प्रसंग लिहून काढावेत: अडचण काय होती, आपण नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. ‘भांडार प्रमुख’ या शब्दांपेक्षा ‘वर्षअखेरीच्या मोजणीत साठा आणि नोंदी यांत दर वेळी येणारी तफावत शोधून काढली, नोंदीची पद्धत बदलली आणि पुढच्या मोजणीत ती तफावत नगण्य राहिली’ हे वाक्य नव्या क्षेत्रातल्या माणसाला कितीतरी अधिक कळते. घरातील दीर्घ आजारपण सांभाळणे, गृहनिर्माण संस्थेचे हिशेब पाहणे, एखाद्या मंडळाचा कार्यक्रम उभा करणे यांसारखी बिनपगारी कामेही या वहीत आली पाहिजेत. त्यांतले कौशल्य पगार मिळाला नाही म्हणून कमी ठरत नाही.

वही भरली, की नव्या क्षेत्राची भाषा शिकावी. शिक्षकाने ज्याला ‘पाठाची तयारी’ म्हटले, त्याला कंपनीच्या प्रशिक्षण विभागात वेगळे नाव असते. काम तेच असते. जाहिरातींमधून टिपलेले शब्द आपल्या प्रसंगांना लावून पाहावेत आणि जो शब्द प्रामाणिकपणे बसत नाही, तो सोडून द्यावा.

या टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या बदलाचे यश त्यावरच सर्वाधिक अवलंबून असते. काम आणि क्षेत्र या दोन्ही गोष्टी एकदम बदलू नयेत. काम बदलायचे असेल, तर क्षेत्र तेच ठेवावे. क्षेत्र बदलायचे असेल, तर काम तेच ठेवावे. आणि दुसरा बदल दोन-तीन वर्षांनी करावा. औषध कंपनीत विक्री करणाऱ्याला लेखनाकडे वळायचे असेल, तर आरोग्यविषयक लेखन ही त्याची पहिली पायरी असावी, कारण तिथे त्याला जे ठाऊक आहे ते पदवीधर पण अननुभवी लेखकाला ठाऊक नसते. अमेरिकेतील उद्योग-संस्थापकांविषयी पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास येथे बोलका आहे. सर्वांत वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारांत एक अशा, नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे स्थापनेच्या वेळचे सरासरी वय त्यांना ४५ वर्षे आढळले. आणि ज्यांना त्याच उद्योगाचा आधीचा अनुभव होता, त्यांच्या यशाची शक्यता तो नसलेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती.

राजीनामा देण्याआधी

नव्या कामाचे बाहेरून दिसणारे रूप आणि त्याचा रोजचा दिवस यांत मोठे अंतर असते. ते काम करणाऱ्या तीन-चार जणांना भेटून कंटाळवाण्या भागाविषयी विचारावे: आठवड्यातले किती तास नोंदी आणि पत्रव्यवहारात जातात, ग्राहक कशावरून भांडतात, हे काम सोडून जाणारे का जातात. शक्य असेल तर एक पूर्ण दिवस सोबत राहून काम पाहावे. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी एखादे छोटे, मोबदल्याचे काम घेऊन पाहावे.

सगळे सोडून उडी घेण्यात शौर्य आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पुरावा तसे म्हणत नाही. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. जुन्या नोकरीच्या करारात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, हे मात्र आधी तपासावे. कर्जाचे हप्ते, मुलांचे शिक्षण, घरातील वृद्धांचा औषधोपचार असे न टळणारे खर्च लिहून काढून, कमी उत्पन्नावर किती महिने निभावता येईल, याचा हिशेब घरातल्या सर्वांसमोर मांडावा. हा हिशेब मनात ठेवला, तर तो नेहमी आपल्याला हवा तसा जुळतो.

शिकणे

ज्ञान कमी पडत असेल, तर ते भरून काढलेच पाहिजे. पदवी नको याचा अर्थ अभ्यास नको असा होत नाही. पुढे रहस्यकथाकार म्हणून गाजलेले अमेरिकन लेखक रेमंड चँडलर यांना १९३२ मध्ये एका तेल कंपनीतील वरिष्ठ पदावरून काढून टाकण्यात आले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. ते रहस्यकथा लिहायला शिकले ते असे: अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांची एक छापील कथा घेऊन त्यांनी तिचा तपशीलवार सारांश काढला, त्या सारांशावरून ती कथा स्वतः नव्याने लिहिली आणि मग मूळ कथेशी ताडून आपले कुठे ढिले पडले ते पाहिले. त्यांची पहिली कथा १९३३ मध्ये छापून आली आणि पहिली कादंबरी १९३९ मध्ये, म्हणजे वयाच्या पन्नाशीत.

हीच पद्धत लेखनाबाहेरही चालते. एखाद्या कंपनीचा प्रसिद्ध झालेला वार्षिक अहवाल घेऊन त्यातील आकड्यांवरून स्वतः विश्लेषण लिहावे आणि मग जाणकारांनी केलेल्या विश्लेषणाशी ताडून पाहावे. उत्तम बनावटीची खुर्ची मोजून तशीच करून पाहावी आणि सांधे शेजारी ठेवून तपासावेत. प्रौढ माणसाला यात एक फायदा असतो: चांगले आणि बरे यांतला फरक ओळखण्याची नजर त्याच्याकडे आधीच असते. पैसे भरून करायच्या अभ्यासक्रमांबाबत सावध राहावे. तो पूर्ण केलेल्या दोन माणसांशी, संस्थेने निवडून दिलेल्या नव्हे तर आपण शोधलेल्या, बोलणे झाल्याशिवाय शुल्क भरू नये.

हमी कशी द्यावी

आता मुख्य गोष्ट. निवड करणाऱ्याला भीती असते ती चुकीचा माणूस घेतला जाण्याची, आणि पदवी ही भीती थोडीफार कमी करते म्हणून तो ती मागतो. तीच भीती कामाच्या नमुन्याने अधिक कमी होते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पुढील कामगिरीचा अंदाज देण्यात कामाचा प्रत्यक्ष नमुना, म्हणजे उमेदवाराकडून ते काम करून घेऊन पाहणे, सर्वांत वरच्या गटात आणि शिक्षणाची वर्षे अगदी तळाजवळ आढळली. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे अंदाज किती अचूक ठरतात याच्या आकड्यांची फेरतपासणी करून अनेक आकडे खाली आणले, तरी कामाचा नमुना निवडीच्या वरच्या पाच साधनांत टिकून राहिला.

म्हणून अर्जासोबत नमुना न्यावा. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्याने एका काल्पनिक व्यवसायाचे वर्षभराचे हिशेब पूर्ण करून, त्यातील तीन अवघड नोंदी का तशा केल्या याचे टिपण जोडावे. प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्याने पंधरा मिनिटांच्या सत्राचे चित्रीकरण आणि शिकणाऱ्यांचे अभिप्राय ठेवावेत. हातकाम करणाऱ्याने कामाआधीची, मधल्या टप्प्यांची आणि नंतरची छायाचित्रे क्रमाने लावावीत. मधल्या टप्प्यांची छायाचित्रे विशेष महत्त्वाची, कारण जाणकार माणूस तीच आधी पाहतो. तीन चांगले नमुने पुरतात. जुन्या मालकाची कागदपत्रे, नावे किंवा आकडे कधीही दाखवू नयेत: जो त्यांची गुपिते आज उघड करतो तो उद्या आपलीही करेल, असा निष्कर्ष समोरचा माणूस काढतो आणि तो बरोबरच असतो.

नमुन्यासाठी फुकट काम करावे का? एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी, ठरलेल्या मुदतीचे, ठरलेल्या व्याप्तीचे आणि शेवटी लेखी अभिप्राय मिळेल असे एक काम करायला हरकत नाही. ‘आधी काही महिने करून तर बघा, मग पैशांचे बोलू’ असे म्हणणाऱ्या व्यावसायिकाला मात्र नम्रपणे नकार द्यावा.

ओळखीचा उपयोग

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या एका प्रसिद्ध लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्या ओळखीच्या माणसाची भेट किती वेळा होत असे हे विचारल्याचे नमूद केले आहे. वारंवार भेट होत असल्याचे सुमारे सहांपैकी एकानेच सांगितले. बाकीच्यांना नोकरीची माहिती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, म्हणून असे होते. या वयात जुने सहकारी, पुरवठादार, ग्राहक आणि एकेकाळचे शेजारी यांची संख्या मोठी असते, आणि ती तरुण उमेदवाराकडे नसते.

अशा माणसाला नोकरी मागू नये, माहिती मागावी. संदेश छोटा असावा: ‘नमस्कार. मी पंधरा वर्षे गोदामाचा साठा सांभाळत आहे आणि आता त्याच माहितीच्या विश्लेषणाकडे वळण्याचा विचार आहे. आपण हे काम करता असे समजले. नोकरीसाठी शब्द टाकण्याची विनंती नाही. नव्याने येणाऱ्याला पहिल्या वर्षी काय जड जाते, एवढेच जाणून घ्यायचे आहे. आपल्या सोयीने वीस मिनिटे बोलता येईल का?’ बोलणे झाल्यावर त्यांनी सुचवलेले एखादे काम करून ते महिन्याभरात कळवावे. शब्द टाकायचाच असेल, तर तो माणूस आता स्वतःहून टाकतो.

अर्ज आणि मुलाखत

मोठ्या संस्थांत अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणक लावतो आणि पदवीचा रकाना रिकामा असला, तर अर्ज माणसापर्यंत पोहोचतही नाही. म्हणून सुरुवात लहान संस्थांपासून करावी, जिथे काम देणारा माणूस स्वतः अर्ज वाचतो. अर्जाच्या पहिल्या चार ओळींत आपण काय करू शकतो आणि त्याचा नमुना कुठे पाहता येईल हे यावे; शिक्षण शेवटी, जेवढे आहे तेवढेच लिहावे. अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण झाल्यासारखी लिहिणे हे नोकरी लागल्यानंतरही ती जाण्याचे कारण ठरू शकते.

मुलाखतीत वयाचा विषय आडवळणाने येतो: ‘आमच्याकडे सगळे तरुण आहेत’, ‘तुम्हाला हे काम फार साधे वाटेल’. यावर रागावू नये आणि लांब खुलासाही करू नये. आपल्याहून लहान माणसाकडून अलीकडे काय शिकलो याचे एक खरे उदाहरण द्यावे आणि बोलणे पुन्हा नमुन्याकडे वळवावे. पगार सुरुवातीला कमी घ्यावा लागेल, हे बहुतेक वेळा गृहीत धरावे; पण तो किती काळ कमी राहील, कोणत्या कामगिरीनंतर आणि कोणत्या तारखेला त्याचा फेरविचार होईल, हे रुजू होण्यापूर्वी नियुक्तिपत्रात लिहून घ्यावे.