बागेतल्या मत्स्यकुंडाची ऋतूनुसार काळजी

मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर त्यांना भूक लागली असं समजून खाणं टाकू नका. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर तोच वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. कारंजं किंवा एअर पंप बहुतेक घरी दिवसा शोभेला चालवतात आणि रात्री बंद करतात. खरी गरज रात्रीच असते. कमळाच्या पानांनी निम्मं पाणी झाकलेलं असावं, त्याहून जास्त नको. आटलेलं पाणी भरताना नळाचं पाणी बादल्यांत 24 तास उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातं. एका वेळी पाव कुंडापेक्षा जास्त पाणी बदलू नका.

पावसाळ्याआधी तळाचा गाळ काढा, पण फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. कुंडातल्याच पाण्यात पिळा, नाहीतर उपयोगी जिवाणू मरतात. काठाखाली दोन इंचांवर जाळी लावलेला ओव्हरफ्लो पाइप हवाच. तो नसेल तर एका मुसळधार रात्रीत गप्पी मासे अंगणात. पत्र्याची पन्हळ कुंडात सोडू नका. सततच्या पावसानं पाण्याचा सामू (पीएच) घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जातं. त्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याची पुरचुंडी पाण्यात टांगावी.

थंडीत नाशिक-पुण्याकडे पाणी 15 अंशांखाली गेलं की गोल्डफिशचं खाणं निम्मं करा, तेही दुपारी. एरवी पाच मिनिटांत संपेल एवढंच.