कितव्या पानावर आहात?

सोसायटीत किंवा ओळखीच्या चार घरांत वाचनकट्टा सुरू करायचा असेल, तर ‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ हा प्रश्न आधी बाद करा. त्याला लोक मुलाखतीला बसल्यासारखी उत्तरं देतात. शाळेत कधीतरी वाचलेलं, सगळ्यांना मान्य असलेलं एखादं नाव पुढे येतं आणि बाकीचे माना डोलावतात. विचारायचं ते असं: सध्या उशाशी काय आहे, आणि कितव्या पानावर आहात? पान विचारलं की माणूस खरं बोलतो. ‘बेचाळीसवर आहे, आषाढीपासून तिथेच आहे,’ असं कुणी म्हणालं की कट्टा सुरू झाला समजा.

आमचा कट्टा कर्वेनगरला, ए विंगच्या पार्किंगमध्ये, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी भरतो. दुसरा शनिवार बँकेच्या सुट्टीचा. मी निवृत्त झाले तरी डोक्यातलं कॅलेंडर तेच आहे. क्लब हाउस मिळत होतं, पण तिथे स्टेज आणि माईक. माईक हातात आला की आपल्याकडच्या माणसाचं व्याख्यान होतं, आणि व्याख्यानासाठी पुण्यात १८७५पासून वसंत व्याख्यानमाला आहे, आपण वेगळी काढायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडा. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी कुणाची तरी गाडी काढायची निघते.

आता मुख्य नियम. पुस्तक हातात घेऊन यायचं, खुणेसकट, आणि ते वाचून संपलेलं नसावं. संपलेल्या पुस्तकाचा लोक सारांश सांगतात, वर शेवटही सांगून टाकतात. अर्धवट पुस्तकात शंका असतात, कंटाळा असतो, ‘पुढे हा माणूस असं का वागला असेल?’ असतं. प्रत्येकाने आपण जिथे आहोत त्या पानावरचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि पाच मिनिटांत बोलणं आटपायचं. मोबाइलवरचं घड्याळ एखाद्या पोराच्या ताब्यात द्या. पोरं मोठ्यांची भीड ठेवत नाहीत. त्यांना पहिला नंबरही द्या, कारण सातनंतर ती खेळायला पळतात.

‘मी काही वाचत नाही हो, तुमचं ऐकायला आले,’ असं म्हणणाऱ्या एक वहिनी प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना सोडू नका. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण त्या नेमाने करतात. रोज कुठल्या अध्यायापर्यंत जायचं ते ठरलेलं असतं. इतकं शिस्तीत वाचणारं कट्ट्यावर दुसरं कुणी नसतं. त्यांना विचारा, कोणत्या अध्यायाशी थांबावंसं वाटतं? कुणी दिवाळी अंकातली एकच कथा वाचली असेल, तीही धरा. हिंजवडीला जाता-येता ऑडिओबुक ऐकणाऱ्यांना पान नसतं. आमच्याकडचा एक मुलगा ‘चांदणी चौकापर्यंत तिचं लग्न झालेलं नव्हतं’ असं सांगतो. चालतं.

सगळं वाचून झालेले एक काकाही असतात. ते प्रत्येक पुस्तकावर ‘याच्यापेक्षा त्यांचं आधीचं वाचा’ म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना वही सांभाळायला द्या. लिहिता लिहिता बोलणं कमी होतं, आणि अक्षरही बहुतेक सुंदर असतं.

मतभेद झाला तर यजमानाने एकच करायचं: पान दाखवा म्हणायचं. आमच्याकडे एका मुलीने दया पवारांचं ‘बलुतं’ आणलं होतं. ते १९७८ साली आलं आणि दलित आत्मकथनांची वाट तिथून रुंद झाली, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक होतं, वाचलेलं थोड्यांनीच. तिने दोन वाक्यं बोलायच्या आत ‘आता तसं राहिलेलं नाही’ सुरू झालं. अशा वेळी गप्प बसणारा यजमान कामाचा नाही. ‘तुमचं मत चहाच्या वेळी ऐकू, आधी तिचा परिच्छेद पूर्ण होऊ दे,’ असं स्पष्ट म्हणा. परिच्छेद वाचून झाल्यावर पहिली संधी पुस्तक न वाचलेल्याला द्या, पण प्रश्न विचारायला. मत द्यायला नाही. हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. न वाचलेल्या पुस्तकावर मत देणं ही आपल्याकडची जुनी हौस आहे, आणि तिला थेट विरोध करण्यापेक्षा प्रश्नाकडे वळवलेलं बरं.

पुस्तक आवडलं नाही म्हणून सोडलं, असं सांगायची पूर्ण मुभा हवी. मात्र कुठल्या पानावर सोडलं तेही सांगायचं. एकच पुस्तक दोघांनी एकाच जागी सोडलेलं निघालं तर उरलेली संध्याकाळ त्यावर घालवा.

पुस्तकं आणायची कुठून, याची चिंता पुण्यात तरी करू नये. अप्पा बळवंत चौकात नवी-जुनी दोन्ही मिळतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११चं; कट्ट्यातल्या दोघांनी तरी कुठल्यातरी ग्रंथालयाचं सभासद व्हावं. २०२३पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो आहे, त्यामुळे जानेवारीच्या बैठकीला आम्ही नियम थोडा वाकवतो: तिथून घेतलेलं आणि अजून न उघडलेलं पुस्तक आणायचं, पहिलं पान तिथेच वाचायचं.

देवघेव होणारच. वहीत चार रकाने आखा: पुस्तक, कुणाचं, कुणी नेलं, तारीख. आतल्या पानावर पेन्सिलीने नाव. दोन बैठका उलटल्या तरी पुस्तक आलं नाही, तर सगळ्यांसमोर ‘कितव्या पानावर आहात?’ एवढंच विचारायचं. पुढच्या आठवड्यात घरपोच येतं.

व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर त्यावर फक्त मुखपृष्ठाचा फोटो आणि पान क्रमांक. सुप्रभात दिसलं की ॲडमिनने उडवावं, नातं न बघता.

खायला कोरडं ठेवा. शंकरपाळे, खाकरा. पावसाळ्यात कांदाभज्यांचा ठराव दरवर्षी येतो आणि मी तो दरवर्षी फेटाळते. तेलकट बोटांचे डाग पानावरून जात नाहीत. चहा शेवटी, पुस्तकं पिशवीत गेल्यावर.

दहा-बारांच्या वर माणसं जायला लागली की सरळ दोन गट करा, नाहीतर पाच मिनिटं कुणालाच पुरत नाहीत. आमचा दुसरा गट बी विंगच्या गच्चीवर बसतो. त्यांच्याकडे भजी चालतात, म्हणून माझी पुस्तकं तिकडे जात नाहीत.