गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उघडायच्या आधी डिपस्टिक काढा

जुन्या ऑटोमॅटिक गाडीत डी ला टाकलं की दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन झटका बसतो, किंवा रेस वाढते पण गाडी काही पळत नाही. अशा वेळी कुणीतरी 'गिअरबॉक्स गेला' म्हणून मोकळं होतंच. जरा थांबा, आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा.

गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून परत पी ला आणा आणि इंजिन चालू असतानाच गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी, इंजिन ऑइलची नव्हे) काढून पुसून परत घालून लेव्हल बघा. होंडात इंजिन बंद करून बघतात, म्हणून मॅन्युअल चाळाच. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, ते काम गॅरेजच्या लिफ्टवर.

आता एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर. लाल असेल तर बरं. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा झिजल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला गिअरबॉक्स ऑइलचा कूलर फुटून कूलंट आत शिरलंय, गाडी हलवूच नका, टो करा.

माझी गाडी चढाला स्लिप व्हायची, मेकॅनिक थेट ओव्हरहॉल म्हणाला, निघालं काय तर कूलरच्या पाइपचा जॉइंट पाझरत होता आणि ऑइल कमी. टॉप-अप करताना मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला, थोडं थोडं, कारण जास्त झालं की फेस होतो आणि गिअर परत स्लिप होतात.

लेव्हल बरोबर, तरी गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात? खूप जुन्या गाडीत थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला जाणारी केबल बघा. तिचं सेटिंग अंदाजाने करू नका, ढिली राहिली तर प्रेशर कमी पडून प्लेटा जळतात. त्यानंतरच्या गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०७०० हा कोड आला तर तो नुसता 'आत काहीतरी आहे' एवढंच सांगतो, खरा कोड ट्रान्समिशन मॉड्यूल (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) वाचणाऱ्या स्कॅनरवर दिसतो, मग बरेचदा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडबंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा स्पीड सेन्सर निघतो. एकाच गिअरला अडकली असेल तर तो लिंप मोड, म्हणजे बिघाड दिसल्यावर गाडीने स्वतःच घेतलेला बचावाचा पवित्रा. बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगही घासून घ्या, हसू नका, व्होल्टेज पडलं की मॉड्यूल वेड्यासारखं वागतं.

शेवटी गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उतरवा. त्यातल्या मॅग्नेटवर राखाडी लगदा असणारच, धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल.